कॅलिफोर्नियात नवीन आलात? पोलिसाचं सर्टिफिकेट कोण देतं, कोण काढून घेतं आणि तक्रार कुठे करायची

इथे आल्यावर पहिल्या महिनाभरात आपण बरंच काही शिकतो, सोशल सिक्युरिटी नंबर कसा काढायचा, डीएमव्हीची (ड्रायव्हिंग लायसन देणारं खातं) लेखी परीक्षा, क्रेडिट हिस्टरी, कुठल्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं. पोलिसांबद्दल मात्र एकच वाक्य सांगितलं जातं, गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर ठेव. ते बरोबरच आहे, पण त्यापुढे काय? समोरचा माणूस पोलीस व्हायला लायक आहे हे कोणी ठरवलं, तो चुकीचा वागला तर कोणाला सांगायचं, सांगून काही होतं का, यातलं काहीच मला इथे ६ वर्षं राहूनही माहीत नव्हतं. शिकायला लागलं ते बाबांमुळे.

२०२३ च्या उन्हाळ्यात बाबा मिरजेहून आले होते, वय ७१. रोज संध्याकाळी चालायला जायचे. एक दिवस एका घरासमोर लिंबाचं झाड बघत उभे राहिले, कोणीतरी फोन केला आणि पोलिसांची गाडी आली. बाबांना इंग्रजी वाचता येतं पण तो उच्चार, तो वेग काही कळेना, ऑफिसर हात दाखवा म्हणत होता आणि हे मला फोन करायला खिशात हात घालत होते. त्याने दंड धरून त्यांना फुटपाथच्या कडेला बसवलं, मी धावत पोचेपर्यंत वीसेक मिनिटं ते तसेच बसले होते. मग "ओके, यू कॅन गो" म्हणून तो निघून गेला. रात्री दंडावर पाच बोटं उमटली होती. बाबा एवढंच म्हणाले, "जाऊ दे, कुणाला सांगू नको."

त्या "कुणाला सांगू नको" मधे आमचे तीन महिने गेले. मी एच-१बी वर, उगाच व्हिसाला काही झालं तर ही भीती, आणि हे तीन महिने किती महागात पडले ते पुढे येईलच. तुमचे दिवस असे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही, प्रकरण गंभीर असेल तर वकिलाकडेच जा, पण वकिलाकडे जाण्याआधी जेवढं माहीत असायला हवं तेवढं इथे आहे.

आधी हे समजून घ्या: बिल्ला गावाचा, सर्टिफिकेट राज्याचं

आपल्याकडे महाराष्ट्रात अख्ख्या राज्याचं एकच पोलीस दल, वर एक महासंचालक, खाली अधीक्षक, ठाणेदार, अशी उतरंड. इथे तसं अजिबात नाही. अमेरिकेत १८,००० च्या आसपास वेगवेगळी पोलीस खाती आहेत, एकट्या कॅलिफोर्नियात ६०० च्या वर. प्रत्येक शहराचं आपलं खातं, ५८ काउंट्यांचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांचे, ५८ शेरीफ (काउंटीच्या पोलिसांचे प्रमुख) आणि ते तर निवडून येतात. त्यामुळे व्हायचं काय, की एका शहराने एखाद्याला काढलं किंवा त्याने चौकशी सुरू असतानाच राजीनामा दिला, तर तो पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या शहरात जाऊन परत वर्दी घालायचा.

हे थांबवायला राज्य पातळीवर एक संस्था लागते, कॅलिफोर्नियात ती आहे, कमिशन ऑन पीस ऑफिसर स्टँडर्ड्स अँड ट्रेनिंग, सगळे तिला नुसतं "पोस्ट" म्हणतात. १९५९ पासून आहे, ऑफिस वेस्ट सॅक्रमेंटोला. भरतीचे किमान निकष आणि अकॅडमीचा अभ्यासक्रम तीच ठरवते, सर्टिफिकेट तीच देते. पण गंमत नाही, खरी खंत म्हणावी अशी गोष्ट म्हणजे कित्येक वर्षं तिच्याकडे सर्टिफिकेट काढून घ्यायचा खरा अधिकारच नव्हता. कॅलिफोर्नियात केस कापणाऱ्याचं लायसन राज्य रद्द करू शकत होतं, नर्सचं, वकिलाचं, डॉक्टरचं करू शकत होतं, पोलिसाचं नाही. असा अधिकार नसलेली देशात फक्त चार राज्यं उरली होती, त्यात हे एक.

बदल झाला तो एसबी २ (एसबी म्हणजे सिनेट बिल) या कायद्याने. २०१८ मधे लॉस एंजेलिसजवळ गार्डीनात केनेथ रॉस ज्युनिअर नावाचा २५ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने गेला, गोळी झाडणारा ऑफिसर आधी दुसऱ्या शहराच्या खात्यात होता आणि तिथेही तो गोळीबाराच्या तीन घटनांमधे होता. त्या मुलाच्या आईने आणि सिनेटर स्टीव्हन ब्रॅडफर्ड यांनी हा विषय लावून धरला, २०२० मधे पहिला प्रयत्न फसला, मग ३० सप्टेंबर २०२१ ला गव्हर्नर न्यूसम यांनी गार्डीनातच सही केली. कायद्याला त्या मुलाचंच नाव आहे. १ जानेवारी २०२२ पासून कायदा लागू आणि १ जानेवारी २०२३ पासून सर्टिफिकेट निलंबित किंवा रद्द करायचं काम प्रत्यक्ष सुरू.

म्हणजे आमच्या बाबतीत घडलं तेव्हा ही व्यवस्था सुरू होऊन जेमतेम सहा-सात महिने झाले होते आणि मला तिचं नावही माहीत नव्हतं.

सर्टिफिकेट मिळतं कसं

हा भाग थोडक्यात सांगते, पण माहीत असावा, एक तर आपल्यातल्या काहींची मुलं आता या क्षेत्राचा विचार करतायत, आणि दुसरं म्हणजे लायक कोण हे कळलं की नालायक कोण हेही कळतं. नव्याने भरती होणाऱ्याला वय २१ पूर्ण लागतं (आधी १८ होतं), फेलनीची (गंभीर गुन्ह्याची) शिक्षा झालेली चालत नाही, बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची सखोल तपासणी, वैद्यकीय आणि मानसिक चाचणी, आणि त्या मानसिक चाचणीत वंश, धर्म वगैरेंबद्दल मनात आकस आहे का तेही बघतात. अमेरिकेचं नागरिक असायची अट २०२३ पासून राज्याने काढलीय, कायदेशीर काम करायची परवानगी असली की राज्याच्या बाजूने चालतं.

मग अकॅडमी, किमान ६६४ तास. याच राज्यात बार्बरच्या लायसनला १,००० तासांचं शिक्षण लागतं. बहुतेक अकॅडम्या ६६४ पेक्षा पुष्कळ जास्त शिकवतात आणि त्यानंतर निदान १० आठवडे अनुभवी ऑफिसरबरोबर गाडीत बसून ट्रेनिंग असतं हे खरंय, तरी हा किमान आकडा मला आजही कमी वाटतो. पुढे नोकरीत असेपर्यंत दर दोन वर्षांत २४ तासांचं ट्रेनिंग. नवीन माणसाला आधी "प्रूफ ऑफ एलिजिबिलिटी" (पात्रतेचा दाखला) मिळतं, मग बेसिक सर्टिफिकेट. यातलं एक तरी हातात असल्याशिवाय आणि ते चालू असल्याशिवाय पोलीस म्हणून काम करता येत नाही.

पायरी १: समोरचा नेमका कोण आहे

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. गाडीवर आणि दंडावरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते बघा. शहराचा पोलीस, काउंटीचा शेरीफ डेप्युटी, फ्रीवेवर हायवे पॅट्रोल म्हणजे सीएचपी, युनिव्हर्सिटी कॅम्पसवर त्यांचे स्वतःचे पोलीस, बार्ट ट्रेनचे (सॅन फ्रान्सिस्को परिसरातली लोकल) स्वतःचे पोलीस. हे सगळे पोस्टच्या कक्षेत येतात. विद्यार्थ्यांना वाटतं कॅम्पस पोलीस म्हणजे कॉलेजचे वॉचमन, तसं नाहीये, ते पूर्ण अधिकार असलेले पोलीस आहेत.

मॉलमधला, अपार्टमेंटच्या गेटवरचा सिक्युरिटी गार्ड पोस्टचा नाही, त्याचं लायसन राज्याचं वेगळं खातं देतं, ब्युरो ऑफ सिक्युरिटी अँड इन्व्हेस्टिगेटिव्ह सर्व्हिसेस. आणि आइस (इमिग्रेशनची अंमलबजावणी), सीबीपी (सीमा आणि कस्टम्स), एफबीआय ही केंद्र सरकारची माणसं, त्यांच्यावर पोस्टचा काहीही अधिकार चालत नाही. आइसच्या एजंटबद्दल पोस्टकडे फॉर्म भरून उपयोग नाही, ती तक्रार होमलँड सिक्युरिटीच्या इन्स्पेक्टर जनरलकडे जाते.

पायरी २: तिथल्या तिथे

भारतातली सवय म्हणजे पोलिसाने हात केला की गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, कागद घेऊन साहेबांकडे चालत जायचं. इथे उतरायचं नाही. आत बसा, काच खाली करा, हात दिसतील असे ठेवा, लायसन खिशात किंवा ग्लव्ह बॉक्समधे असेल तर आधी सांगा आणि मग हळू काढा. पायी असाल तरी हात खिशाबाहेर. बाबांची चूक म्हणावी तर एवढीच आणि ती चूक माणूस घाबरला की हमखास करतो. पैशाची भाषा चुकूनही नको, "मिटवून टाकू" अशा अर्थाचं नुसतं सुचवणंही इथे गुन्हा आहे.

जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात ऑफिसरने थांबवल्यावर प्रश्न विचारायच्या आधी कशासाठी थांबवलं ते सांगायचं असा कायदा आहे, फारच तातडीचा धोका असेल तर अपवाद. कारण सांगितलं की नाही हे लक्षात ठेवा. वर्दीवर नाव किंवा नंबर दिसेल असा असणंही कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही सार्वजनिक जागी असाल तर पोलिसांचा व्हिडिओ काढायचा तुम्हाला हक्क आहे, फक्त त्यांच्या कामात आडवं न येता, अंतर ठेवून.

वाद तिथे घालायचा नाही. तुमचं शंभर टक्के बरोबर असलं तरी नाही. रस्त्यावर आपण जिंकत नसतो. सगळी लढाई कागदावर, नंतर.

पायरी ३: त्याच रात्री लिहून काढा

झोपायच्या आधी. तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर, नाव किंवा बॅज नंबर, कोण काय बोललं ते जसंच्या तसं, कोण बघत होतं, आजूबाजूला कुठल्या घराला दारावरचा कॅमेरा आहे. मराठीत लिहा, चालेल, भाषांतर नंतर करता येतं, पण आठवण दोन दिवसांत पुसट होते. लागलं असेल तर फोटो, उजेडात, आणि पुढचे तीन-चार दिवस रोज, कारण काळं-निळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसतं. डॉक्टरकडे जा आणि कशाने लागलं ते त्यांच्या नोंदीत येऊ दे.

आता बॉडीकॅमबद्दल, हे नीट वाचा. ऑफिसरच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही. राज्याच्या कायद्यात खात्यांसाठी जी पद्धत सुचवलीय त्यात साध्या, पुरावा नसलेल्या रेकॉर्डिंगला किमान ६० दिवस, आणि बळाचा वापर, अटक किंवा तक्रार असेल तर किमान २ वर्षं ठेवायचं असं आहे. म्हणजे तक्रार आली की ते रेकॉर्डिंग पुरावा होतं, नाही आली तर ते साधं. आमच्या वेळी त्या खात्याने ती घटना नुसती "चौकशी करून सोडलं" अशी नोंदवली होती, बळ वापरलं असा उल्लेखच नव्हता. आम्ही तीन महिन्यांनी गेलो तेव्हा रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं. बाबांचा शब्द आणि त्याचा शब्द, बास, एवढंच उरलं.

म्हणून सांगते, तक्रार करायची की नाही यावर विचार करायला वेळ घ्या हवा तर, पण पहिल्या आठवड्यातच खात्याला लेखी ईमेल टाका की अमुक तारखेचं, अमुक जागेचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, माझी तक्रार आहे.

पायरी ४: आधी त्या खात्याकडे

कॅलिफोर्नियाच्या पीनल कोडच्या कलम ८३२.५ प्रमाणे प्रत्येक पोलीस खात्याला नागरिकांच्या तक्रारी घ्यायची आणि तपासायची पद्धत ठेवावीच लागते आणि ती पद्धत लिहून लोकांना उपलब्ध करावी लागते. काउंटरवर कोणी म्हणालं की फॉर्म नाही, आधी सार्जंटशी बोला, तुमचा गैरसमज दूर होईल, तर बोला जरूर पण फॉर्म घेतल्याशिवाय निघू नका. मला हेच ऐकवलं होतं आणि मी तशीच परत आले होते, एक हेलपाटा फुकट. नंतर कळलं फॉर्म त्यांच्या वेबसाइटवरच होता.

लिहिताना राग बाजूला ठेवून घडलं ते क्रमाने लिहा. "तो रेसिस्ट होता" पेक्षा "त्याने बाबांना अमुक शब्द वापरला, दोनदा" हे जास्त वजनदार. काही फॉर्मवर खोटी तक्रार केली तर कारवाई होईल अशी तंबी छापलेली दिसते, ती वाचून हातपाय गाळू नका, तुम्ही खरं लिहिताय. फॉर्म दिला की तुमच्या स्वतःच्या जबाबाची प्रत मागा, ती द्यायचं त्यांच्यावर बंधन आहे. चौकशी संपल्यावर ३० दिवसांच्या आत निकाल लेखी कळवायचंही बंधन आहे. बहुतेक प्रकरणांत खात्याला प्रकरण कळल्यापासून वर्षभरात चौकशी पूर्ण करून शिक्षेचा प्रस्ताव द्यावा लागतो, नाहीतर शिक्षा करता येत नाही, म्हणून दर महिना-दीड महिन्याने विचारत राहा, नम्रपणे आणि लेखी.

निकाल चार प्रकारचा येतो. "सस्टेन्ड" म्हणजे तक्रार सिद्ध. "नॉट सस्टेन्ड" म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही, पुरावा पुरेसा नाही. "एक्झॉनरेटेड" म्हणजे घडलं पण ते नियमात बसणारं होतं. "अनफाउंडेड" म्हणजे घडलंच नाही. आम्हाला नऊ महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं, नॉट सस्टेन्ड.

पोलिसांनीच पोलिसांची चौकशी करायची हे पटत नसेल (मलाही पटत नाही) तर शहरात स्वतंत्र कार्यालय आहे का बघा. सॅन होजेला इंडिपेंडंट पोलीस ऑडिटर आहे, सॅन फ्रान्सिस्कोला डिपार्टमेंट ऑफ पोलीस अकाउंटॅबिलिटी, ओकलंडला कम्युनिटी पोलीस रिव्ह्यू एजन्सी, बार्टचा स्वतःचा स्वतंत्र ऑडिटर. तिथे थेट तक्रार देता येते. लहान शहरांमधे बहुतेक असं काही नसतं आणि तिथेच राज्याची गरज जास्त पडते.

पायरी ५: पोस्टकडे

पोस्टच्या वेबसाइटवर नागरिकांसाठी तक्रारीचा फॉर्म आहे, फी नाही, वकील लागत नाही. खात्याकडे केली म्हणून इथे करता येत नाही असं नाही, दोन्हीकडे करा. मात्र पोस्ट सगळ्याच गोष्टी बघत नाही. उद्धटपणा, चुकीचं तिकीट (वाहतुकीच्या दंडाची पावती), फोन केला तर उशिरा आले, हे पोस्टचं काम नाही, आणि तिकीट चुकीचं असेल तर त्याचा निकाल ट्रॅफिक कोर्टात लागतो, कुठल्याही तक्रारीने तिकीट रद्द होत नाही.

पोस्ट बघते ते "सिरियस मिसकंडक्ट", कायद्यात त्याचे नऊ प्रकार आहेत. अप्रामाणिकपणा, म्हणजे खोटा रिपोर्ट, खोटी साक्ष, पुरावा दडवणं. अधिकाराचा गैरवापर, धमकावणं, खोटी अटक. मारहाण आणि अवाजवी बळ. लैंगिक अत्याचार. वंश, मूळ देश, धर्म वगैरेंवरून भेदभाव. कायदा मोडणारी इतर अतिगंभीर वर्तणूक. पोलीस खात्यातल्याच टोळीत सामील असणं (हो, असे गट होते म्हणून तर कायद्यात लिहावं लागलं). गैरवर्तनाच्या चौकशीला सहकार्य न करणं. आणि नववा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, सहकारी उघडपणे अवाजवी बळ वापरत असताना मधे न पडणं, नुसतं बघत उभं राहणं. तुमची तक्रार यातल्या कशात बसते ते फॉर्ममधे स्पष्ट लिहा.

साधारण क्रम असा, आधी स्थानिक खातं चौकशी करतं आणि पोस्ट ती तपासते, हवं तर स्वतःही चौकशी करते. अशी गंभीर तक्रार आली की खात्याला १० दिवसांत पोस्टला कळवावंच लागतं, ऑफिसरने नोकरी सोडली तरी कळवावं लागतं, आणि राजीनामा दिला म्हणून चौकशी बंद करता येत नाही. पन्नास मैलांवर जाऊन परत वर्दी घालायची वाट बंद होते ती इथे.

तक्रारीत दम असेल तर पोस्ट ऑफिसरला नोटीस देते, त्याला दाद मागायला ३० दिवस. त्याने मागितली की प्रकरण नऊ जणांच्या सल्लागार बोर्डापुढे जातं आणि ही सुनावणी जाहीर असते, कोणीही जाऊन बसू शकतं. नवातले दोनच पोलीस क्षेत्रातले, बाकी सात बाहेरचे, आणि त्यातल्या दोन जागांसाठी पोलिसांच्या चुकीच्या बळाचा स्वतः त्रास सोसलेल्या किंवा त्यात घरचं माणूस गमावलेल्या व्यक्तींचा प्राधान्याने विचार करायचा असं कायद्यातच आहे. त्यांची शिफारस कमिशनकडे, कमिशनच्या दोन तृतीयांश मतांनी पुढे प्रशासकीय न्यायाधीशाकडे. लांबलचक आहे सगळं, पण कोणाची रोजीरोटी काढून घ्यायची तर बाजू मांडायला पुरेशी संधी हवीच, पोलिसालाही.

शेवटी सर्टिफिकेट तीन वर्षांपर्यंत निलंबित होऊ शकतं नाहीतर कायमचं रद्द. रद्द झालं की अख्ख्या राज्यात कुठेही पोलीस म्हणून नोकरी नाही. ऑफिसर गंभीर गुन्ह्यात अटकेत असेल तर चौकशी संपायच्या आधीही तात्पुरतं निलंबन होतं. ही यादी पोस्टच्या वेबसाइटवर नाव आणि कारणासकट उघड आहे, शिवाय नावं नॅशनल डीसर्टिफिकेशन इंडेक्स नावाच्या देशपातळीवरच्या नोंदीतही जातात म्हणजे दुसऱ्या राज्याने भरतीआधी बघितलं तर सापडतं.

पायरी ६: जुनं रेकॉर्ड मागता येतं

२०१९ पर्यंत कॅलिफोर्नियात पोलिसांच्या शिस्तभंगाचे कागद जवळपास कुलूपबंद होते. एसबी १४२१ आणि नंतर एसबी १६ ने काही प्रकारचे कागद उघडे केले, माणसावर झाडलेली गोळी, ज्यात जीव गेला किंवा मोठी इजा झाली असा बळाचा वापर, आणि सिद्ध झालेल्या तक्रारी, म्हणजे खोटेपणा, लैंगिक अत्याचार, अवाजवी बळ, भेदभाव, बेकायदा अटक किंवा झडती. पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली खात्याला साधा ईमेल करायचा, १० दिवसांत काहीतरी उत्तर द्यावं लागतं, कागद यायला मात्र महिने लागू शकतात. आपल्या माहितीच्या अधिकारासारखंच, चिकाटी लागते.

व्हिसा, पैसे आणि मुदत

व्हिसाची भीती मला होती, तुम्हालाही असेल. तक्रारीच्या फॉर्मचा तुमच्या एच-१बी शी, एफ-१ शी, आईवडिलांच्या व्हिजिटर व्हिसाशी काही संबंध नाही. कॅलिफोर्नियात २०१८ पासून एसबी ५४ लागू आहे, स्थानिक पोलिसांनी तुमचं इमिग्रेशन स्टेटस विचारायचं नाही असा तो कायदा आहे.

नुकसानभरपाई मात्र पोस्ट देत नाही, खात्याची चौकशीही देत नाही. त्यासाठी शहरावर किंवा काउंटीवर वेगळा लेखी क्लेम करावा लागतो आणि इजा झाली असेल तर त्याची मुदत साधारण सहा महिने आहे. तक्रारीच्या निकालाची वाट बघत बसलात तर ही मुदत निघून जाते, बऱ्याच जणांची जाते. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असेल तर आणखी एक गोष्ट, आधी वकिलाला विचारा आणि मगच तक्रारीत काही लिहा, कारण तुम्ही लिहिलेलं तुमच्याच केसमधे वापरलं जाऊ शकतं.

दुसऱ्या राज्यात असाल तर

नावं बदलतात, कल्पना तीच. टेक्ससमधे टीकोल म्हणजे टेक्सस कमिशन ऑन लॉ एन्फोर्समेंट. न्यू जर्सीत, जिथे एडिसनच्या आसपास आपली एवढी वस्ती आहे, लायसनचा कायदा २०२२ ला आला आणि पोलीस ट्रेनिंग कमिशन ते लायसन देतं. मॅसॅच्युसेट्सने २०२० च्या अखेरीस कायदा करून स्वतःचं पोस्ट कमिशन काढलं, तिथे सर्टिफिकेट दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं आणि शिस्तभंगाची नोंद नावासकट वेबसाइटवर टाकतात, हे मला कॅलिफोर्नियाने उचलावं असं वाटतं. काही राज्यांत संस्था आहे पण ती शिक्षा झालेल्या गुन्ह्याशिवाय फारसं काही करत नाही, म्हणून आपल्या राज्याचं नियम-पान एकदा वाचून ठेवा.

हा फरक किती मोठा पडतो ते अलाबामात दिसलं. फेब्रुवारी २०१५ मधे मॅडिसन गावात नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे गुजराती आजोबा मुलाच्या घराजवळ सकाळी चालत होते, इंग्रजी येत नव्हतं, पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांच्या अंगात लुळेपणा आला. व्हिडिओ सगळ्या जगाने बघितला. दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही, मग न्यायाधीशांनी ऑफिसरला निर्दोष सोडलं आणि तो परत नोकरीवर गेला. गुन्हा सिद्ध होणं वेगळं आणि हा माणूस पोलीस असावा का हा प्रश्न वेगळा, दुसरा प्रश्न विचारायला वेगळी जागा हवी, ती जागा म्हणजे पोस्टसारखी संस्था. आपल्याकडेही प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ ला प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं, महाराष्ट्राने २०१४ ला पोलीस कायदा बदलून तशी तरतूद केली. पण आपल्याकडे पोलिसाला असं रद्द करता येणारं वैयक्तिक सर्टिफिकेट हा प्रकारच नाही.

आईबाबा येणार असतील तर

पहिल्या दोन दिवसांत हे करा. एका कार्डावर इंग्रजीत लिहा, नाव, घराचा पत्ता, तुमचे दोन फोन नंबर, "मला इंग्रजी फार येत नाही, मी मराठी बोलतो, कृपया या नंबरवर फोन करा", ऐकायला कमी येत असेल किंवा मधुमेह असेल तर तेही. हे कार्ड खिशात नाही, गळ्यातल्या दोरीला लावा, म्हणजे खिशात हात जाणार नाही. "स्टॉप", "हँड्स", "सिट डाउन" हे तीन शब्द घरात उच्चारासकट बोलून दाखवा आणि हात समोर उघडे कसे धरायचे ते दोनदा करून घ्या. शेजारच्या चार घरांना त्यांना भेटवून आणा, चिवड्याची पुडी घेऊन गेलात तर उत्तमच, आमच्या वेळी पोलिसांना फोन करणारा माणूस तिसऱ्याच घरात राहत होता.

बाबा गेल्या वर्षी परत आले होते. मी त्यांना ते एका ओळीचं पत्र दाखवलं आणि समजावून सांगितलं, की नॉट सस्टेन्ड असलं तरी कायद्याप्रमाणे ती तक्रार खात्याला निदान ५ वर्षं जपून ठेवावी लागते, सिद्ध झाली असती तर १५ वर्षं. उद्या त्याच ऑफिसरबद्दल अजून कोणी लिहिलं तर चौकशी करणाऱ्याला आपला कागद आधीचा म्हणून सापडेल. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, तारीख बघितली आणि २०२९ पर्यंत का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी कार्डाची दोरी गळ्यात घातली आणि फिरायला गेले.